माझ्या नावाचे पितळी नॉब

९ जानेवारी २०१८, भंडारा

आज कारध्याच्या सभेत माइक दोन्ही हातांनी धरावा लागला. उजव्या हाताची बोटं तळव्यापर्यंत येतच नाहीत. इतकी वर्षं मी मूठ वर केली की समोरची माणसं सावरून बसायची. आज हात उघडाच वर गेला, आशीर्वाद द्यावा तसा. मंडपाबाहेर पडताना मागून कोणी म्हणालं, "सुलोचनाबाई मवाळ झाल्या गा आता." ऐकलं न ऐकलंसं केलं.

संधिवात आहे हे डॉक्टरांना ठाऊक आहे आणि मला. घरात सांगणार नाही. दुखणं सांगितलं की लोक मुद्दा ऐकायचा सोडून तब्येत विचारू लागतात. मी तब्येत विचारून घेण्यासाठी जन्मले नाही.

घरी आले तर ओट्यावर रंगीत कॅटलॉगचा पसारा. माझ्या मुलाने, मनिषने, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नवं करायला काढलं आहे. मॉड्युलर. जुन्या फळ्या जाणार, सगळीकडे कपाटं आणि ड्रॉवर येणार. सून रुपा पेन्सिलीने खुणा करत बसली होती. लग्नाला चार वर्षं झाली, पण या मुलीला ठाम मत म्हणून काही आहे का ते मला अजून कळलेलं नाही. साकोलीच्या शेतीखात्याच्या कचेरीत जाते, सकाळच्या बसने जाते, संध्याकाळच्या बसने येते, मध्ये गप्प असते.

"आई, दारांना हँडल कोणते लावायचे? तुम्ही पण चला नागपूरला, हातात धरून पाहा," म्हणाली.

म्हटलं, येईन. या बाजाराने घरात कुठवर पाय पसरलेत ते बघायलाच हवं.

१३ जानेवारी

इतवारीतल्या दुकानात नुसत्या हँडलांची एक अख्खी भिंत. काळी, तांबूस सोनेरी, चिनी मातीची फुलाफुलांची, अर्ध्या वाटीसारखी, दाराच्या कडेत लपणारी. एक तर अशी व्यवस्था दाखवली की हँडलच नाही, दार दाबलं की आपोआप उघडतं. दुकानदार मला म्हणाला, "माताजी, आजकल सब मॅट ब्लॅक चल रहा है." जणू हवामानखात्याने कळवलंय.

रुपाने मात्र आज लाज आणली. गोल नॉब एकेक हातात घेऊन बाजूला सारले, "हे नको, निसटतात." मग लांब हँडलं लावलेल्या नमुन्याच्या ड्रॉवरसमोर उभी राहिली आणि बोटं वाकडी धरून, न पकडता, नुसती आत अडकवून ओढू लागली. एकदा तर मनगटानेच ओढलं. दुकानातली पोरं बघत राहिली. दुकानदार हसला, "मॅडम, हँडल लेना है के कुश्ती खेलना है?" ही म्हणते, "भाऊ, याच्यापेक्षा जाड आहे का? आत चार बोटं आरामात गेली पाह्यजेत."

शेवटी तिने एक लांबलचक, जाड, काळं हँडल निवडलं. माझ्या हातात दिलं. खरं लिहायचं तर हातात बरं वाटलं. बोटं न मिटताही बसत होती. पण मी विचारलं, हे बनतं कुठे? दुकानदार छाती फुगवून म्हणाला, "इम्पोर्टेड है, माताजी."

पितळेच्या गावाहून बाई नागपुरात येते आणि परदेशातली काळी दांडी घेऊन परत जाते! मी हँडल काउंटरवर ठेवलं आणि बाहेर आले. परतीच्या बसमध्ये रुपा काही बोलली नाही. न बोलणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून संशय येतो. ज्याच्यापाशी विचार असतो तो बोलतो.

१४ जानेवारी

रात्री जेवताना बोलले. ठरवून नव्हे, बोलणं आपणहून वर आलं. म्हटलं, या गावात पहाटेपासून पितळ ठोकल्याचा आवाज यायचा. लग्नातल्या घागरी, गुंड, परात, सगळं इथलं जायचं, दूरदूर जायचं. मग स्टील आलं, मग प्लास्टिक आलं आणि एकेक भट्टी विझली. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा मी म्हटलं होतं, नकाशा फाटला तरी चालेल, माणसाचा हात रिकामा होऊ देऊ नका. हात रिकामेच झाले. तुलारामसारखा ओतारी आज देवळाच्या घंटांवर कसाबसा जगतो. आणि आपण, त्याच्या भट्टीपासून हाकेच्या अंतरावर राहणारे, आपल्या चुलीजवळ परदेशी काळं लोखंड टांगणार? स्वयंपाकघरात उजेड हवा, सुतक नको!

मनिषचा घास हातातच राहिला. सभेत कधी न आलेला माझा मुलगा पहिल्यांदा माझा श्रोता झाला होता.

रुपा म्हणाली, "आई, पितळेचं पण लांबच हँडल मिळालं तर? तुलारामभाऊ करून देतील?"

मी म्हटलं, "प्रश्न लांबीचा नाही, रुपा! प्रश्न मातीचा आहे!"

वाक्य चांगलं पडलं. पण झोपण्याआधी कबूल करते, मलाही लांबच हवं आहे. गोल वस्तू आता माझ्या हातात राहत नाही. तांब्यासुद्धा दोन तळव्यांत दाबून उचलते. पण ऐन भरात असताना मध्येच हँडलाच्या लांबीचं कुठे काढायचं? तत्त्वाला असलं शेपूट जोडलं की तत्त्व बसकण मारतं. तुलारामला वेगळं गाठून सांगेन.

४ फेब्रुवारी

घरात भुसाच भुसा. इश्वर सुतार आणि त्याचं यंत्र दिवसभर ओरडतं. चहा अंगणात, जेवण अंगणात.

आज तुलारामकडे गेले होते. भट्टीच्या दारातच त्याने अडवलं. "बाई, आत नका येऊ जी, धूर लय आहे."

"धुराला मी कधीपासून भिऊ लागले?"

"तसं नाई जी. आज... आज काम अंगावर आहे."

"अरे, आमच्या कपाटांच्या हँडलांचं बोलायचं होतं."

तो मिश्या दाबत हसला. "मनिषभाऊनं सांगतलं आहे सारं. तुमी बिनघोर राहा. असं करून देतो का पाह्यणारा पाह्यतच राहीन."

मनिषने सांगितलं म्हणतो तर काय विचारायचं? लांब कर, असं तोंडापर्यंत आलं होतं. मग त्याने विचारलं असतं, काहून बाई? मग मी काय सांगितलं असतं? परत फिरले.

१८ फेब्रुवारी

आज पासष्ट पूर्ण. मनिषने घर भरून माणसं बोलावली होती. आमच्या महिला मंडळाच्या आनंदाबाई, गल्लीतले सगळे, तुलाराम धुतलेला सदरा घालून, इश्वर. नव्या स्वयंपाकघरावर पडदा लावला होता. मनिषने पडदा सारला.

पांढरी दारं आणि प्रत्येक दारावर, प्रत्येक ड्रॉवरवर पितळेचा गोल नॉब. जुन्या पानडब्याच्या झाकणावर असायचा तसा, भरीव, गुळगुळीत, आरशासारखा. न्हाणीघरातल्या कपाटालाही तेच. आणि प्रत्येकावर कोरलेलं नाव: सुलोचना.

आमच्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे. लग्नात दिलेली परात असो की बारशाची वाटी, नाव कोरल्याशिवाय ती पुरी होत नाही. माणूस गेला तरी भांडं त्याच्या नावाने मागितलं जातं. तुलारामने ती रीत नॉबवर आणली. म्हणाला, "बाई, तुमच्या तोंडून पितळेचं नाव ऐकत आलो. आता पितळेवर तुमचं नाव घातलं."

 मग मी बोलले. पाऊण तास बोलले. आनंदाबाईंनी डोळे पुसले. मनिष म्हणत होता, "आई, तू त्या दिवशी बोलली ना, मले रातभर झोप नाई आली. मंग म्हटलं, करूनच टाकू."

मग सगळे म्हणू लागले, पहिलं दार बाईंनीच उघडायचं.

मी हात पुढे केला. नॉब गार होता. बोटं त्याच्यावर ठेवली आणि ओढलं. बोटं घसरून रिकामी परत आली. लोक हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पुन्हा हात नेला. तेवढ्यात रुपा मध्ये घुसली, "थांबा आई, नवीन आहे, बिजागरी घट्ट आहे," म्हणत तिने झटकन दार उघडलंसुद्धा. टाळ्या वाजल्या.

माझ्या वाढदिवशी, माझ्या नावाचं दार, माझ्या हातून हिसकावून! चार वर्षं गप्प असलेल्या माणसाला पुढे व्हायला नेमका हाच क्षण सापडला.

बरं तर बरं, माझा हात घसरला हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

२१ फेब्रुवारी

सगळे कामावर गेले की घर माझं. म्हणजे असायचं.

चहाची पत्ती वरच्या कपाटात. पदर गुंडाळून नॉब धरून पाहिला, रेशीम घसरतं. सुती फडकं घेतलं, तेही घसरलं. दोन तळव्यांत दाबून ओढलं तेव्हा दार जरा हाललं आणि पुन्हा जाऊन चिकटलं. शेवटी उलथण्याचं टोक फटीत घालून उघडलं. पांढऱ्या दाराच्या कडेला ओरखडा पडला. हळद पुसावी तसा पुसला, जात नाही.

गोळ्या न्हाणीघरातल्या कपाटात आहेत. तिथे उलथणं घेऊन जाणं बरं दिसेना, म्हणून दुपारची गोळी राहिली.

पितळ मात्र देखणं दिसतं. खोटं कशाला लिहू.

२७ फेब्रुवारी

आज संताप आवरत नाही.

अकराच्या सुमारास इश्वर यंत्र घेऊन दारात. "बाई, वहिनीनं बोलावलं."

"कशाला?"

"लंबे हँडल लावाले. नॉबचं एक भोक आहेच, त्याच्या खालती दुसरं पाडतो. मस्त बसते. वहिनीनं सामानपण आणून ठेवलं, थे काळेवाले."

मी म्हटलं, "आणि हे नॉब?"

"थे काढून देतो ना डब्यात भरून. देवाजवळ ठेवजा."

देवाजवळ! माझं नाव डब्यात भरून देवाजवळ! मी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तो जाताना म्हणाला, "बाई, माह्यावर कायले रागावता? मी तं भोकं पाडणारा माणूस." यंत्र उचललं आणि गेला.

संध्याकाळी रुपा चप्पल काढते न काढते तोच विचारलं. मनिषही होता.

"मला जड जातं आई, गोल नॉबनं," ती खाली बघून म्हणाली. "लांब असलं तर सोपं पडते."

"तुला जड जातं? तिशीतल्या बाईला? परातभर कणीक मळतेस ते हात कोणाचे?"

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"तुझ्या सोयीपायी माझं नाव उपटायचं? तुलारामने महिनाभर भट्टी जाळली ती डब्यात भरायला? समोर बोलायची हिंमत नाही म्हणून मी एकटी असताना सुतार धाडायचा?"

मनिष म्हणाला, "रुपा, आईले विचारलं काहून नाई तू? काय गरज होती?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडाकडे नव्हे, खाली, मांडीवर ठेवलेल्या हातांकडे. मी हात पदराखाली घेतले. मग म्हणाली, "चुकलं माझं."

एवढंच. बाजू मांडायची नाही, भांडायचं नाही. जिंकले, पण असल्या माणसाशी जिंकून तोंडाला चव येत नाही.

११ मार्च

गेला आठवडा हात बराच बरा आहे. चहा रोज माझी मी करते. दुपारी पोह्यांचा डबा काढला. गोळीही वेळेवर घेते. उलथण्याची गरज पडलेली नाही. उन्ह तापू लागलं, सांधे मोकळे होत असावेत; किंवा माणसाने हट्ट धरला की शरीर नमतं. आयुष्यभर हेच तर सांगत आले.

रुपाची एक नवी तऱ्हा. सकाळी जाताना प्रत्येक दाराच्या आणि ड्रॉवरच्या फटीत जुन्या फडक्याची घडी अडकवून जाते. सगळी दारं बोटभर उघडी, मधून चिंध्या लोंबतायत. न्हाणीघरातही तेच. विचारलं तर म्हणते, "नवीन प्लायचा वास जाऊ द्या आई, हवा लागली पाह्यजे." मला तर कसला वास येत नाही. संध्याकाळी आली की सगळ्या घड्या काढते, मनिष यायच्या आत. भांडी घासायला येणारी शकुनबाई म्हणाली, "बाई, तुमच्या सुनेचं लय ध्यान आहे जी घरावर." म्हटलं, चिंध्यांवर आहे.

२५ मार्च

आनंदाबाई आल्या होत्या. नवं स्वयंपाकघर दाखवायला साकोलीहून भाची आणली होती. माझ्याबद्दल तिला काय काय सांगून आणलेलं, वाटेत पुलावर उभं करून माझं कारध्याचं भाषण सांगितलं म्हणे. आत गेल्या आणि दारातच थांबल्या.

"अगं बाई! चोर शिरला होता का? की सुलोचनाबाई, तुमच्याकडे कपाटंच वाळत घालतात?"

भाची तोंडावर रुमाल धरून हसली. तुलारामच्या पितळेखाली जुन्या परकराच्या चिंध्या लोंबत होत्या. भाचीसमोर शब्द सुचेना. मला! शब्द!

आज रविवार, पण मनिष बाहेर गेला तशा रुपाने घड्या अडकवल्याच होत्या; ती अंगणात कपडे वाळत घालत होती. हाक मारली आणि त्या दोघींसमोरच विचारलं.

"माझ्या नावाला हात लावायची लाज वाटते का तुला? म्हणून दारं उघडी ठेवून जातेस? नॉब धरावाच लागू नये म्हणून?"

आनंदाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, सून आहे, शिकेल."

"नाई आई," रुपा म्हणाली. "तसं नाई."

"मग कसं? बोल ना! तोंड दिलंय ना देवाने?"

तिने ओठ उघडले. आनंदाबाईंकडे पाहिलं, त्या पोरीकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्या हातांकडे. क्षणभर माझ्या मनात काहीतरी येऊन गेलं. पण ती काही बोललीच नाही, आणि न बोललेल्या गोष्टीवर मी विश्वास कसा ठेवणार?

"उद्यापासून लावून जाईन," म्हणाली. आणि आमच्यासमोर एकेक घडी काढून एकेक दार बंद केलं. शेवटच्या दारापाशी जरा थांबली, मग तेही लावलं.

बंद झाल्यावर स्वयंपाकघर काय शोभून दिसलं! भाचीने नॉबांचे फोटो काढले.

२६ मार्च

आज सगळी दारं बंद. चिंध्या नाहीत.

हात अचानक पुन्हा बिघडला. काल बरा होता, आज नाही. आभाळ भरलंय, त्यानेच असेल. दहा वाजता चहाची तल्लफ आली. पत्तीच्या कपाटाशी बराच वेळ होते. पदर, फडकं, दोन्ही तळवे. उलथणं नव्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवर बंद. एकदा कपाळ टेकलं दाराला. पितळेत माझा चेहरा दिसत होता, माझ्याच नावाने चिरलेला.

शकुनबाई सकाळीच येऊन गेली होती. शेजारी हाक मारता आली असती. पण काय म्हणून? सुलोचनाबाईंना दार उघडत नाही म्हणून?

गोळी राहिली. जेवण झाकून ठेवलेलं होतं, ते घेतलं. दुपारभर सभेचं भाषण लिहायला बसले, पेनही निसटतं.

संध्याकाळी रुपा आली. स्वयंपाकघरात गेली, कोरडं पातेलं बघितलं, मग न्हाणीघरात गेली. गोळी आणि पाणी आणून माझ्याजवळ ठेवलं, गोळी पाकिटातून काढून, वाटीत. काही विचारलं नाही. या मुलीला माणसाशी दोन शब्द बोलावेसे वाटतच नाहीत का?

२८ मार्च

रुपाने कालपासून नवीन सुरू केलं. जाण्याआधी चहा करून थर्मासमध्ये भरून टेबलावर ठेवते, बाजूला कप, वाटीत गोळी. म्हणजे मला स्वयंपाकघरात पाऊलच टाकायला नको. माझ्या नावाच्या खोलीतून मला असं गुमान बाहेर काढलं.

आणि कामात चोखपणा नाही तो नाहीच. काल पाहिलं, थर्मासचं झाकण नुसतं वर टेकवलेलं, फिरवलेलंच नाही. आजही तसंच. असा चहा गरम राहतो होय?

शकुनबाई भांडी घासत होती. तिला हाक मारली आणि झाकण घट्ट लावून घेतलं.